आईला काही सांगू नका

घरातल्या खोकल्याचं एक असतं. पहिले काही दिवस तो सगळ्यांना ऐकू येतो. कुणी म्हणतं, हवा बदललीय. कुणी म्हणतं, गरम पाणी पी. मग हळूहळू तो पंख्याच्या घरघरीसारखा घरात मुरून जातो. असतो, पण कुणाच्या कानावर पडत नाही. तुमच्या-आमच्या घरांत असे किती खोकले मुरलेले असतील, कोण जाणे!

या घरातला खोकला आईचा होता. आई शहराच्या जलतरण तलावावर पोहायला शिकवायची. साठी जवळ आली होती, तरी सकाळी सगळ्यांच्या आधी तीच पाण्यात उतरायची. अर्ध्या शहराला तिने हातपाय मारायला शिकवलं होतं, म्हणून अर्धं शहर तिला 'बाई' म्हणायचं. उरलेलं अर्धं तिचा आवाज ऐकूनच पाण्यापासून लांब राहिलं होतं, असं तिचा मुलगा गमतीने म्हणायचा.

या मुलाचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. बायकोही दुकानात बसायची. तो नंबर तपासायचा, ती फ्रेम निवडून द्यायची. आईचा खोकला आधी कानावर आला तो सुनेच्याच.

"आईंचं एक वाक्य धड पुरं होत नाही," ती एकदा नवऱ्याला म्हणाली. "मध्ये खोकला येतोच. किती दिवस अंगावर काढणार?"

"तलावाच्या पाण्यातल्या औषधाने घसा धरतो तिचा. तिनेच सांगितलं."

"त्या डॉक्टर आहेत का?"

सून सासूला हाताला धरून घरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. फोटो आणायला मात्र मुलगा एकटाच गेला, कारण आई तलावावर होती. आणि तिथेच सगळं फिरलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. "उजवीकडे, वरच्या भागात सावली दिसतेय. काय आहे ते नुसत्या एक्स-रेवरून सांगता येणार नाही. पण मोठ्या रुग्णालयात, छातीच्या विभागात लगेच दाखवा. कॅन्सर नाही ना, याची खात्री करावीच लागेल."

रस्त्यावर आला तेव्हा वाहनं, माणसं, दुकानांच्या पाट्या सगळं जागच्या जागी होतं, याचंच त्याला नवल वाटलं. त्याने पहिला फोन लावला तो मामाला, आईच्या धाकट्या भावाला. मामा म्हणजे घरातलं वरचं न्यायालय. बारसं असो की भांडण, निकाल मामाचा.

संध्याकाळी मामा घरी आला. आई अजून परतली नव्हती. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ताईला यातलं एक अक्षर कळता कामा नये! आमच्या ऑफिसात एक होता, धडधाकट. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आणि माणूस धसक्यानेच गेला. आणि मला सांग, ताईने जन्मात सिगारेटला हात लावलाय का? तिला कसा होईल? उगाच नाव काढू नका."

"आजार त्यांचा आणि बैठक आपली?" सून म्हणाली.

"तू लहान आहेस. माणूस मनाने खचला की औषध चालत नाही."

मुलाने मामाला होकार दिला. पण खरं सांगायचं तर मामाचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं, सोयीचं वाटलं होतं. आईच्या डोळ्यांत बघून तो शब्द उच्चारायचा, या कल्पनेनेच त्याची जीभ टाळूला चिकटत होती. न सांगणं किती सोपं! त्याला 'माया' असं नाव दिलं की झालं.

मग आईला सांगण्यात आलं की, छातीत जुना कफ साठलाय, चारदोन तपासण्या करू. आईने मान डोलावली. आणि मुलाचं एक नवंच काम सुरू झालं. रुग्णालयात तो आईच्या पुढे पुढे पळायचा. नोंदणीच्या खिडकीवर, स्कॅनच्या दारात, परिचारिकेच्या टेबलाशी वाकून तो हळूच म्हणायचा, "आईला काही सांगू नका हं." मागून आई यायची, आणि सगळे एकदम गोड हसायचे. इतकं गोड की, कुणालाही संशय यावा.

सीटी स्कॅनमध्ये सावलीचा आकार स्पष्ट झाला. गाठ होती. बाह्यरुग्ण विभागात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन घाईघाईत समजावलं, की आता बारीक, लवचीक नळी श्वासनळीत उतरवून आत बघावं लागेल आणि गाठीचा कण काढावा लागेल. आईंना सगळं नीट सांगा, आणि त्या दिवशी पोटात अन्नपाणी काहीही नको.

हे 'काहीही नको' आईला कसं सांगणार? उपाशी राहा म्हटलं की ती विचारणार, का? त्याने मनाशी हिशेब केला, सकाळी लवकरच उचलून नेऊ, खायला वेळच मिळणार नाही. पण ज्या बाईचा दिवस सगळ्यांच्या आधी सुरू होतो, तिला लवकर उचलणारा हा कोण? तो उठला तेव्हा आई तलावावरून परतलीसुद्धा होती.

रुग्णालयात छातीच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर स्वतः आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, नाकावरून सतत घसरणारा चष्मा बोटाने वर ढकलणाऱ्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला.

"सकाळपासून काही खाल्लंय का?"

"हो तर! ब्रेड, अंडी, चहा. पोहून आल्यावर भूक आवरत नाही मला."

डॉक्टरांचा हात थांबला. "आज काय करणार आहोत, माहीत आहे ना?"

"छातीचा आणखी एक फोटो ना?"

डॉक्टर मुलाकडे वळल्या. "तुम्ही जरा बाहेर या."

बाहेरच्या अरुंद मार्गिकेत, औषधांच्या ढकलगाडीशेजारी, त्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

"मी विचारलं नसतं आणि तशीच नळी घातली असती, तर? पोटातलं अन्न उलटून श्वासनळीत गेलं असतं. त्यांच्या जिवावर बेतलं असतं!"

"चुकलं माझं. पण डॉक्टर, आई खचेल हो. घाबरेल."

"घाबरतील ना! घाबरायचा हक्क आहे त्यांना. तुम्ही काय करता?"

"चष्म्याचं दुकान आहे."

"मग लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून दिवसभर झटता, आणि घरी येऊन आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधता?"

त्याची मान खाली गेली.

"हे बघा," डॉक्टरांचा सूर मऊ झाला. "अजून आपल्याला काहीच पक्कं माहीत नाही. जे आहे ते त्यांच्या शरीरात आहे. नळी त्यांच्या घशातून जाणार, सही त्यांची लागणार, सोसायचं त्यांना आहे. भीती घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतली की पेलते. तुम्ही सगळे एका बाजूला आणि त्या एकट्या दुसऱ्या बाजूला, ही शिक्षा आजाराने नाही दिली त्यांना. तुम्ही दिलीत. आता आत जा आणि सांगा. मी दाराशीच आहे."

तो आत गेला. आई वजनकाट्याशेजारच्या बाकावर पाय हलवत बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कसंबसं, अडखळत, सगळं सांगून मोकळा झाला. सावली. गाठ. संशय. तो शब्दसुद्धा.

आईचे पाय हलायचे थांबले. मग ती अगदी हळू म्हणाली, "मलाही एक सांगायचंय. थुंकीतून रक्त पडलं होतं. एकदा नाही, दोनतीनदा."

"काय? कधी?"

"तलावावर. नळ सोडून धुऊन टाकलं. म्हटलं, तुझ्या जिवाला कशाला घोर लावायचा."

"म्हणजे तूसुद्धा!"

"म्हणजे तूसुद्धा!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि काय झालं कोणास ठाऊक, आईला हसू फुटलं. मग त्यालाही. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरली तेव्हा दोघांचे गाल ओले होते.

मग आई रागावली. मनापासून रागावली.

"अरे, नवीन मूल तलावावर आलं की मी पहिल्यांदा काय सांगते त्याला? पाणी कुठे किती खोल आहे ते! घाबरू दे की घाबरलं तर. पण माहीत नसताना कुणाला खोल पाण्यात ढकलत नाहीत. आणि तू मला ढकलायला निघाला होतास. तेही हसत हसत!"

त्याने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, लहानपणी टेकायचा तसं.

डॉक्टर आत आल्या. रक्ताचं ऐकून त्यांनी लगेच नोंद केली. ही गोष्ट आम्हाला आधीच कळायला हवी होती, म्हणाल्या. मग त्यांनी संगणकाचा पडदा आईकडे वळवला. "बघायचंय? तुमचंच आहे."

पडद्यावर आईची छाती उघडत गेली. डॉक्टर चाक फिरवत होत्या आणि काळ्या अवकाशातून पांढऱ्या रेषा उमलत, दुभंगत, पुन्हा दुभंगत चालल्या होत्या. एक उलटं झाड! बुंधा वर, फांद्या खाली, फांदीला डहाळी, डहाळीला आणखी बारीक डहाळी, नजर पोहोचेनाशी होईपर्यंत.

"ही श्वासनळी. ही टोकं आहेत ना, तिथे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. कोट्यवधी. सगळ्या उलगडून अंथरल्या तर एखाद्या प्रशस्त घराची जमीन झाकली जाईल."

"एवढं सगळं मी आत घेऊन हिंडते?" आई थक्क होऊन बघत होती. "आणि पोरांना नुसतं 'श्वास घे, श्वास घे' म्हणून ओरडते!"

मुलगाही बघतच राहिला. आयुष्यभर त्याने भिंगातून माणसांचे डोळे तपासले होते. डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं त्याला सवयीचं होतं. पण ज्या श्वासाच्या कुशीत तो लहानाचा मोठा झाला, त्या श्वासाचं घर तो आज पहिल्यांदा बघत होता. त्याला वाटलं, आपण देवळात उभे आहोत आणि पायांत चपला राहून गेल्या आहेत.

"आणि ही गाठ," डॉक्टरांनी बोट ठेवलं. शर्टाच्या बटणाहून जराशी मोठी, पांढरी, ओबडधोबड.

आईने तिच्याकडे रोखून बघितलं. "बरं," ती म्हणाली. "आता ओळख झाली. पुढे काय ते सांगा."

पुढचे दिवस तपासण्यांचे होते. पण तेच दालन, तीच रांग, तेच बाक आता निराळे वाटत होते, कारण आता आई पुढे चालायची आणि मुलगा मागे. नळीच्या तपासणीला ती उपाशीपोटी आली. घसा बधिर होता तोवर पाण्याचा घोटही घेतला नाही; घसा जागा झाल्याशिवाय प्यायलं तर पाणी भलत्या वाटेने जातं, हे आता तिला कळलं होतं. इतकंच नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ती ते खुणेने समजावत होती.

प्रतीक्षागृहात एक म्हातारा रोज भेटायचा. कधी कुणाशी बोलायचा नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमचं ठीक आहे हो. तुम्ही कधी विडी ओढली नाही. मी जन्मभर ओढली. मला तक्रार करायलाही तोंड नाही."

"बुडणाऱ्याला आधी बाहेर काढायचं असतं," आई म्हणाली. "पोहायला का शिकला नाहीस, हे पाण्यात असताना विचारत नाहीत. मी तर काठावर आल्यावरही विचारत नाही."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तो आईच्या शेजारी येऊन बसला.

मग श्वासाची ताकद मोजायची तपासणी झाली. नळी तोंडात धरून जोराने फुंकायचं. तंत्रज्ञ सवयीने ओरडली, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" आई फुंकतच राहिली. तंत्रज्ञाने आकडे बघितले, यंत्र तपासलं आणि तपासणी पुन्हा घेतली. मग पुन्हा एकदा.

"बिघडलंय का काही?" मुलाने घाबरून विचारलं.

"यंत्र बिघडलंय असं मलाच वाटलं होतं," ती म्हणाली. "या वयात असा दम मी तरी पाहिलेला नाही. काय करता काय तुम्ही?"

आई नुसती हसली. इतकी वर्षं पाण्याखाली धरलेला एकेक श्वास जणू कुठेतरी जमा होत राहिला होता, आणि आज तो तिच्या मदतीला धावून आला होता!

कणाचा अहवाल आला. कॅन्सरच होता. आईला तो डॉक्टरांनी स्वतः सांगितला, तिचा हात धरून, मुलासमोर आणि सुनेसमोर. आई त्या दिवशी जेवली नाही. रडलीसुद्धा, सुनेच्या खांद्यावर, मोकळेपणी. खोटं कशाला सांगा, सत्य कडूच होतं. पण ते गिळताना पाठीवर हात फिरवायला घरची माणसं होती. शरीरभराच्या स्कॅनमध्ये गाठ इतरत्र कुठे पसरलेली दिसली नाही, एवढा दिलासा मिळाला.

आणि मग ती सकाळ आली. मुलगा एक अहवाल द्यायला वरच्या मजल्यावर गेला होता. एका दालनाच्या दाराला काच होती आणि दार अर्धवट उघडं होतं. आत अंधारलेलं. भिंतीवर मोठा पडदा, आणि पडद्यावर... त्याने ओळखलं! आईचं झाड. भोवती कितीतरी माणसं बसली होती. कुणी स्कॅन वाचणारे, कुणी सूक्ष्मदर्शकाखाली कण बघणारे, कुणी शस्त्रक्रिया करणारे, कुणी किरणोपचार करणारे, कुणी औषधांचे, कोपऱ्यात विभागाची परिचारिका. एक जण बोट दाखवत होता, दुसरा मान हलवत होता, तिसऱ्याला पटत नव्हतं.

डॉक्टरांचा ओळखीचा आवाज आला. "आणखी एक. या बाई पोहायला शिकवतात. त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, मला परत पाण्यात उतरायचंय. निर्णय घेताना हे विसरू नका."

मुलगा दाराशीच थांबला. यातल्या बहुतेकांनी आईला कधी पाहिलं नव्हतं. तरी एका पोहणाऱ्या बाईच्या एका श्वासासाठी एवढी डोकी एकत्र झुकली होती! आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो जास्त खोल रुतला. आईला काय हवंय हे यांना कळलं कसं? आईने सांगितलं म्हणून. आणि तिने सांगितलं, कारण डॉक्टरांना तिला विचारता आलं. तो आणि मामा जिंकले असते, तर या खोलीत गाठीबद्दल बोलणं झालं असतं, बाईंबद्दल नाही.

शस्त्रक्रिया झाली. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग, गाठीसकट, काढला. शुद्धीवर आलेली आई नळ्यांच्या जंजाळात एवढीशी दिसत होती. परिचारिकेने तिला उठवून बसवलं, खोल श्वास घ्यायला लावला आणि सहज सांगितलं, "रिकाम्या झालेल्या जागेत उरलेलं फुफ्फुस पसरतं बरं का. हळूहळू जागा भरून काढतं. तुम्ही फक्त श्वास घेत राहा."

"त्याला कोण सांगतं पसरायला?" आईने क्षीण आवाजात विचारलं.

"कुणीच नाही. त्याचं त्यालाच कळतं."

आई कितीतरी वेळ छातीवर हात ठेवून पडून राहिली, आत कुणी मोठं माणूस राहायला आल्यासारखी.

भेटायला माणसं येऊ लागली. मामा खाटेच्या पायथ्याशी पहाऱ्यावर. शेजारच्या काकू आल्या तेव्हा त्याने त्यांना दारातच अडवलं आणि कुजबुजला, "साधं इन्फेक्शन होतं. पाणी साचलं होतं, काढलं."

"काय रे कुजबुजतोस?" खाटेवरून आवाज आला. थकलेला, पण तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचणारा. "काकू, इकडे या. कॅन्सर होता मला. फुफ्फुसाचा. वेळेवर सापडला, काढून टाकला. पुढे अजून औषधं लागली तर तीही घेईन."

मामाचं तोंड उघडंच राहिलं. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला होता.

"बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही खोकला आहे. कित्येक महिने. परवा रुमालावर लाल डाग दिसला. मी धुऊन टाकला. कुणाला बोलले नाही. म्हटलं, नाव काढलं की खरं होईल."

आईने हात पुढे केला आणि काकूंचा हात घट्ट धरला. "नाव काढल्याने काही खरं होत नसतं हो. खोकला म्हणजे लगेच हाच आजार, असंही नाही. पण बघायला तर हवं! आणि त्यांना सांगून आणा. फसवून नको."

मग जे झालं, ते मुलाने कधी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. मामा पुढे आला. घसा खाकरला. घरातलं वरचं न्यायालय आपला निकाल आपणच फिरवत होतं.

"चला काकू," तो म्हणाला. "छातीचा विभाग खालच्या मजल्यावर आहे. नोंदणीची खिडकी दाखवतो तुम्हाला. उद्या त्यांना घेऊन या, मीही येतो बरोबर. आणि... आज घरी गेल्यावर त्यांना सगळं सांगा. लपवू नका. मी लपवत होतो. चुकत होतो."

दोघं मार्गिकेतून जाताना दिसत राहिले. मामा काकूंना जिन्याचा कठडा धरायला सांगत होता.

बंधुभगिनींनो, आजाऱ्यापासून त्याचा आजार लपवण्याला आपण माया म्हणतो. बहुतेक वेळा ती आपली स्वतःची भीती असते. ज्याचा श्वास, त्याला त्याची खबर मिळालीच पाहिजे. सांगताना आवाज कापला तर कापू दे, हात तेवढा सोडू नका. आणि तुमच्या घरात एखादा खोकला मुरला असेल, तर आज जरा कान देऊन ऐका.